दोन पडद्यांवरचे संकलन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला तो असा : ‘घरचे व्हिडिओ कसे एडिट करावेत ते सांगा, आणि काका, तुम्ही दोन-दोन मॉनिटर लावून काय करता तेही सांगा.’ दुसऱ्या भागाचं कुतूहल जास्त आहे हे मला ठाऊक आहे. रात्री अकरापर्यंत माझ्या खिडकीत दोन निळे उजेड दिसतात, आणि समोरच्या विंगमध्ये अशी बातमी आहे की काकांनी शेअर बाजार सुरू केला. तसं काही नाही. आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं आहे, तेवढंच. त्या निमित्ताने जे हाती लागलं ते आज सांगतो. तुमच्या घरातही लग्नाच्या, बारशाच्या, मुंजीच्या कॅसेटी पडून आहेत, त्यामुळे हे तुमच्याही उपयोगाचं आहे.

आधी माल किती जमा झाला ते ऐका. सोसायटीच्या कपाटातून आणि तुमच्या माळ्यांवरून मिळून सहा व्हीएचएस कॅसेटी आल्या, त्यात एक भूमिपूजनाची. चार मिनीडीव्ही आल्या, त्या छोट्या, काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या. सीडी-डीव्हीडी एक पिशवीभर. त्यानंतर मोबाईलचा काळ सुरू झाला आणि मग काही विचारू नका. एका गणपती विसर्जनाचे अकरा घरांतून अकरा व्हिडिओ, सगळ्यांत तोच ढोल आणि तीच पाठमोरी माणसं. सगळं मोजलं तर एकसष्ट तास भरले. फिल्म करायची आहे चाळीस मिनिटांची. म्हणजे दर दीड तासातून एक मिनिट ठेवायचं आणि बाकीचं बाजूला सारायचं. बँकेत कर्जाचे प्रस्ताव नामंजूर करण्यात उमेदवारी झालेली असल्यामुळे नाही म्हणायची सवय होती, ती इथे कामी आली.

आता दोन पडदे कशाला? माझ्या वयाचे जे बँकेत, एलआयसीत किंवा झेडपीत होते त्यांना हे एका वाक्यात कळेल. आपण व्हाउचर आणि लेजर कधी एकावर एक ठेवून तपासलं का? डावीकडे व्हाउचरचा गठ्ठा, उजवीकडे लेजर उघडं, एक नजर इकडे, एक नजर तिकडे, आणि हातात टिक मारायचं पेन. रंगराजन समितीचा अहवाल आला १९८४ साली, आणि त्यानंतर शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. तेव्हा जुन्या लोकांची पहिली तक्रार हीच होती की पडद्यावर एका वेळी एकच काहीतरी दिसतं. व्हाउचर बघायला टेबलावर, शिल्लक बघायला पडद्यावर. ती तक्रार अडाणीपणाची नव्हती, अगदी रास्त होती.

व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की एका पडद्यावर चार गोष्टी दाटीवाटीने बसतात. एका कोपऱ्यात फायलींची यादी. तिच्याजवळ चित्र दाखवणारी चौकट. खाली टाइमलाइन, म्हणजे तुकडे एकापुढे एक लावायची पट्टी. आणि रंग, आवाज, अक्षरं यांची बटणं कडेला. पंधरा इंची लॅपटॉपवर हे सगळं मावतं, पण चित्राची चौकट उरते पोस्टकार्डाएवढी. चित्र मोठं करून बघायचं म्हणजे बाकी सगळं झाकायचं, बघून झालं की परत लहान करायचं, मग कुठे होतो ते शोधायचं. दिवसातून शंभर वेळा. याने काम होत नाही असं नाही. एकाच खोलीत संसार केलेली माणसं इथे बसलेली आहेत, होतो संसार. पण वेळ जातो, आणि वेळेपेक्षाही जास्त काहीतरी जातं, ते पुढे सांगतो.

थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या काळी कच्ची फिल्म आली की तिच्या कडेला भोकं पाडण्यापासून सगळं घरात करायचं. दिवसभर मंडळींचा स्वयंपाक करून रात्री ही भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. तेव्हा संकलन म्हणजे खरोखरची कात्री आणि खरोखरची फीत. पुढे यंत्रं आली, मुव्हिओला आली, स्टीनबेक आली. स्टीनबेक म्हणजे एक मोठं सपाट टेबल, त्यावर फिल्मची चक्रं आडवी फिरतात आणि समोर छोट्या पडद्यावर चित्र दिसतं. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी अशा टेबलांवर शिकले. ‘जाने भी दो यारों’ आणि ‘परिंदा’च्या संकलक रेणू सलूजा तिथल्याच. कापलेल्या फितींचे तुकडे फेकायचे नसत. एका उंच पेटीवर आकडे लावलेले असत, त्यांना ते तुकडे वाळत घातलेल्या शेवयांसारखे टांगून ठेवायचे. त्या पेटीला म्हणायचे बिन. आज तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये फायलींच्या फोल्डरला ‘बिन’ म्हणतात ते तिथून आलं. माझा नातू समजत होता की ती कचरापेटी.

सांगायचा मुद्दा हा की जुन्या संकलकाभोवती अख्खी खोली असायची. चित्र समोर, तुकडे बाजूला टांगलेले, वही उघडी. कॉम्प्युटरने ती खोली एका चौकटीत कोंबली. दुसरा मॉनिटर लावणं म्हणजे खोलीतला थोडा भाग परत मिळवणं.

आणि हे मोठ्या शहरातल्या लोकांचंच काम आहे असं समजू नका. नागराज मंजुळे यांनी मास कम्युनिकेशनचं शिक्षण आपल्या नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात घेतलं. ‘पिस्तुल्या’ या त्यांच्या पहिल्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ अजून व्हायचे होते. केडगावहून न्यू आर्ट्स रिक्षाने किती वेळ लागतो तुम्हाला माहीत आहे.

बरं, आता प्रत्यक्ष मांडणी. मागच्या रांगेतल्या पोरांनी इथे लक्ष द्यावं, कारण घरी जोडून देण्याचं काम तुमच्याकडेच येणार.

माझ्याकडे जुना एकोणीस इंची चौकोनी मॉनिटर होता, ऑफिसातून निघतात तसला. तो फेकायचा नाही. नवीन चोवीस इंची घेतला. साधा फुल एचडी आज आठ-दहा हजारांत येतो, जुना वापरलेला दोन-तीन हजारांत. नव्या कॉम्प्युटरला एचडीएमआयची जागा असते आणि जुन्या मॉनिटरला निळी व्हीजीए पिन, त्यामुळे मधे एक कन्व्हर्टर लागतो, तो काही शेकड्यांत मिळतो. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी घरचा टीव्ही जोडला तरी सुरुवातीला चालेल, फक्त सासूबाईंची मालिका संपल्यावर.

जोडलं की कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण आणि पी ही दोन एकदम दाबा. चार पर्याय येतात. बहुतेक जण ‘डुप्लिकेट’वर थांबतात आणि म्हणतात की दोन्हीकडे तेच दिसतं, काय उपयोग? ‘एक्स्टेंड’ निवडा. मग दोन पडदे मिळून एक लांब टेबल होतं, माऊस एकातून दुसऱ्यात जातो. मात्र डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन डावा मॉनिटर डावीकडे आणि उजवा उजवीकडे दाखवला आहे ना ते बघा, नाहीतर माऊस उजवीकडे ढकलल्यावर डावीकडून उगवतो आणि माणूस चक्रावतो.

सॉफ्टवेअर फुकट मिळतात, चोरीची घेऊ नका. दा विंची रिझॉल्व्हची एक फुकट आवृत्ती आहे, तिच्यात वर्कस्पेस मेनूत ‘ड्युअल स्क्रीन’ असं सरळ लिहिलेलं आहे. पण तिला तगडं मशीन लागतं, सोळा जीबी मेमरी तरी हवी. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनी शॉटकट घ्यावं. ते हलकं आहे आणि त्यातही ‘एक्स्टर्नल मॉनिटर’ची सोय आहे, म्हणजे काम एका पडद्यावर आणि नुसतं चित्र पूर्ण आकारात दुसऱ्यावर. व्हिडिओ अडखळत असेल तर ‘प्रॉक्सी’ करा. प्रॉक्सी म्हणजे झेरॉक्स. मूळ खरेदीखत लॉकरमध्ये ठेवून आपण झेरॉक्सवर खुणा करतो ना, तसं. हलक्या प्रतीवर कापाकापी करायची, शेवटी फिल्म तयार होते ती मुळावरून.

कुठल्या पडद्यावर काय ठेवायचं याचे बरेच सल्ले मिळतात. मी काम दोन टप्प्यांत वाटलं आणि टप्प्याप्रमाणे खुर्ची फिरवली.

पहिला टप्पा निवडीचा. यात अजून काहीच कापायचं नाही, फक्त बघायचं. मोठा पडदा नाकासमोर, त्यावर पूर्ण चित्र. डावीकडच्या चौकोनी मॉनिटरवर एक रजिस्टर उघडं. हो, रजिस्टरच. एक्सेलमध्ये आखलेलं. रकाने असे : कॅसेट क्रमांक, किती मिनिटाला, प्रसंग, कोण दिसतं, आवाज ठीक आहे का, आणि शेरा. शेऱ्यात मी तीनच खुणा करतो. बरोबर, प्रश्नचिन्ह, फुली. बघताना हात कीबोर्डवर : जे, के, एल ही तीन बटणं लक्षात ठेवा. एल दाबलं की पुढे, के दाबलं की थांब, जे दाबलं की मागे. एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगाने. तुकडा जिथे सुरू व्हायला हवा तिथे आय, संपायला हवा तिथे ओ. ही पाच बटणं जवळजवळ सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच आहेत. एकदा बोटं बसली की माऊसला हात लागत नाही आणि नजर चित्रावरून हलत नाही. खरी वेळेची बचत या रजिस्टरात आणि या पाच बटणांत आहे. दुसरा मॉनिटर त्या रजिस्टराला जागा देतो. मॉनिटर आणला पण रजिस्टर नाही ठेवलं, तर दुसऱ्या पडद्यावर लोक व्हॉट्सॲप उघडून बसतात, आणि मग एकाच पडद्यावर काम लवकर झालं असतं.

दुसरा टप्पा जुळणीचा. आता टाइमलाइन समोर, मोठ्या पडद्यावर, कारण हात तिथे चालतो. आणि नुसतं चित्र बाजूच्या पडद्यावर. मी मधूनमधून थांबून खुर्ची वळवून सलग पाच मिनिटं फक्त चित्र बघतो, टाइमलाइनकडे पाठ केल्यासारखी. टाइमलाइनवर तुकडे छान दिसतात, रंगीत विटांसारखे. बांधकाम बरं दिसलं म्हणजे घर राहायला बरं असेलच असं नाही.

वेळेचा हिशेब विचारणारे सभासद आहेत, म्हणून सांगतो. एक तासाची कॅसेट निवडायला मला लॅपटॉपवर साधारण तीन तास लागत. दोन पडद्यांवर दोन-सव्वादोन तासांत व्हायला लागलं. त्यात हात बसल्याचाही वाटा आहे, सगळं श्रेय मी मॉनिटरला देत नाही.

पण मघाशी म्हटलं की वेळेपेक्षा जास्त काहीतरी जातं. ते आता.

वॉल्टर मर्च नावाचे अमेरिकन संकलक आहेत. ‘द इंग्लिश पेशंट’ त्यांनी कॉम्प्युटरवर संकलित केला आणि १९९७ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. ते संकलनाच्या छोट्या पडद्याच्या दोन्ही कडांना कागदाची कापलेली दोन छोटी माणसं लावून ठेवायचे. का, तर त्या माणसांच्या मानाने पडदा चित्रपटगृहाएवढा वाटावा आणि आपण काय कापतो आहोत याची मोजणी चुकू नये. मीही नातीकडून दोन बाहुल्या कापून घेतल्या आहेत. एकीला तिने नऊवारी नेसवली आहे. आपली फिल्म याच भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवणार आहोत. पोस्टकार्डावर जे दिसत नाही ते भिंतीवर सगळ्यांना दिसतं.

भूमिपूजनाची कॅसेट घ्या. मधोमध पाहुणे, हार, कुदळ, नारळ. पोस्टकार्डावर तेवढंच दिसतं. मोठ्या पडद्यावर डाव्या कडेला एक बाई दिसते, डोक्यावर चुंबळ, पायाशी घमेलं, आणि मागे लिंबाच्या फांदीला बांधलेली साडीची झोळी, तिच्यात मूल. हीच बाई पहिल्या स्लॅबच्या कॅसेटमध्ये पुन्हा आहे, घमेलं वर देताना. तिचं नाव आपल्या कुठल्याही कागदावर नाही. पाहुण्यांचं भाषण सहा मिनिटांचं होतं, ते चाळीस सेकंदांवर आणलं, आणि बाईला दोन्ही ठिकाणी पूर्ण ठेवलं. यावर एका सन्माननीय सदस्यांची हरकत आली आहे. ती मी रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवली आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ तुम्हाला आठवतो. टँकर यायचे, आणि वरच्या टाकीत पाणी कधी चढवायचं यावरून दोन विंगांत जुंपली होती. त्या सर्वसाधारण सभेचा मोबाईलवर कोणीतरी घेतलेला व्हिडिओ माझ्याकडे आला. दोन ज्येष्ठ सभासद एकमेकांवर बोट रोखून बोलत आहेत, शब्दही जरा तसलेच आहेत. कार्यकारिणीत दोन मतं पडली : ठेवा, नका ठेवू. हे काम कात्रीवाल्याने एकट्याने ठरवायचं नसतं, असं माझं मत. मी दोघांच्याही घरी गेलो. एकाने लगेच सांगितलं, ठेवा, माझे केस तेव्हा काळे होते. दुसरे म्हणाले, आवाज बंद करून ठेवा. मग दोघांनाही मोठ्या पडद्यावर तो तुकडा दाखवला. दोघे भांडताहेत, आणि मागे उजव्या कडेला दोघांच्या सौभाग्यवती एकाच कागदातले शेंगदाणे खात बसल्या आहेत. मोबाईलवर हे कोणालाही दिसलं नव्हतं. बारा सेकंद ठेवलं आहे, आवाजाशिवाय, आणि त्यानंतर लगेच गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचा पाइप धरून उभे असलेले तेच दोघे.

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायची परवानगी वहिनींनी दिली आहे. त्या इथे समोरच बसल्या आहेत.

आपल्या पहिल्या पंधरा-सोळा वर्षांचं बहुतेक चित्रण ज्यांनी केलं ते आमचे शेजारी २०२१ च्या लाटेत गेले. कॅमेरा त्यांचा, कॅसेटी त्यांच्या, वर बारीक अक्षरात तारीख आणि प्रसंग लिहिण्याची पद्धत त्यांची. पण कॅमेरा धरणारा माणूस चित्रात नसतो. एकसष्ट तासांत सगळी सोसायटी आहे, हे नाहीत. आवाज आहे. ‘जरा सरका, देव दिसू द्या.’ ‘ताई, इकडे बघा.’ ‘पोरांनो, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.’ मी रजिस्टरात ‘कोण दिसतं’ या रकान्याशेजारी एक नवा रकाना पाडला, ‘कोण ऐकू येतं’.

एका वर्षी कोजागिरीला पाऊस आला म्हणून दूध खाली सभागृहात आटवलं होतं. ती मिनीडीव्ही मी मोठ्या पडद्यावर बघत होतो. कॅमेरा पातेल्यावरून वर येतो आणि खिडकीवरून फिरतो. बाहेर अंधार, आत ट्यूबलाइट, त्यामुळे खिडकीच्या काचेचा आरसा झालेला. त्यात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला एक माणूस, डोळ्याला कॅमेरा. चार सेकंद. आपल्याकडच्या कॅसेटींमध्ये एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, म्हणजे शंभर चित्रं झाली. मी बाणाच्या बटणाने एक-एक करून सगळी बघितली. सव्विसाव्यापासून पुढे कॅमेरा किंचित खाली येतो आणि कपाळ आणि डोळे दिसतात. लॅपटॉपच्या चौकटीत तीच जागा उघडून बघितली, तिथे फक्त काचेवरची चकाकी होती.

हे आधी सभागृहात दाखवायचं नाही, असं मी आणि सौ.ने ठरवलं. वहिनींना घरी बोलावलं. त्यांनी बघितलं, परत लावायला सांगितलं, मग म्हणाल्या, ‘तो स्वेटर मी विणलेला. बाह्या पूर्ण घालू दिल्या नाहीत, कॅमेरा धरायला अडतात म्हणून.’ त्यांच्या मुलीला परगावी ते चार सेकंद पाठवले आहेत. फिल्ममध्ये ते ठेवायचे, आणि कितीही तक्रार आली तरी गती मंद करून किंवा संगीत घालून नटवायचे नाहीत, एवढं वहिनींनी सांगितलं. तसंच ठेवलं आहे.

थोडं शरीराचं बोलू. आपल्यातल्या निम्म्यांना मानेचा पट्टा लागलेला आहे. ज्या पडद्याकडे जास्त बघायचं तो छातीच्या रेषेत समोर ठेवा, दुसरा कोनात, जवळ, पुस्तक उघडल्यासारखा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या उंचीला. ज्यांना बायफोकल आहे त्यांनी आणखी खाली घ्यावा, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि दोन दिवसांत मान धरते. दर वीस मिनिटांनी उठून खिडकीबाहेर लांब बघा. मला आमच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, भरली आहे की नाही तेही कळतं. छोटा यूपीएस लावा. लाइट गेल्यावर काम सेव्ह करून बंद करायला दहा मिनिटं पुरतात.

दोन मॉनिटरचे रंग जुळत नाहीत, ही एक खरी अडचण. जुन्यावर सगळ्यांना कावीळ झालेली दिसते, नव्यावर सगळे गोरेपान. रंग ठरवताना एकाच चांगल्या पडद्यावर विश्वास ठेवा, दुसऱ्याकडे बघू नका. आणि जुनं चित्र चौकोनी असतं, नवा पडदा लांबट. चित्र ताणून पडदा भरू नका. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. ताणलं की सगळ्यांचं वजन पंधरा किलोने वाढतं, आणि त्याबद्दल विचारणा माझ्याकडे होते.

मग प्रत्येकाने दुसरा मॉनिटर घ्यावा का? नाही. वाढदिवसाचे दोन मिनिटांचे तुकडे जोडायला मोबाईल पुरतो. पण ज्याला पाच तासांची लग्नाची कॅसेट वीस मिनिटांवर आणायची आहे, आणि ज्याच्या कॅसेटमध्ये आता नसलेली माणसं आहेत, त्याने निदान निवडीपुरता तरी मोठा पडदा जोडावा. एखाद्याचा उसना आणावा. माझा रविवारी दुपारी मोकळा असतो.

शेवटी कामाच्या सूचना. व्हीएचएसचे प्लेअर आता बनत नाहीत. जगातल्या शेवटच्या कारखान्याने २०१६ मध्ये काम थांबवलं. सोसायटीत मिळून दोन चालू प्लेअर आहेत, एक माझ्याकडे. तेव्हा कॅसेटी पुढच्या वर्षावर टाकू नका. कॅसेटच्या काचेतून आत पांढरी भुकटी किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे. ती कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका, ती तर जाईलच आणि प्लेअरही खराब होईल. ती वेगळी पिशवीत घालून द्या. मिनीडीव्हीचा एक तास हार्ड डिस्कवर साधारण तेरा जीबी घेतो, त्यामुळे डिस्क आणताना मोठी आणा, आणि दोन आणा, एक तुमच्याकडे आणि एक दुसऱ्या घरी. मोबाईलवरचा व्हिडिओ ग्रुपवर तसाच टाकलात तर व्हॉट्सॲप तो दाबून बारीक करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून पाठवा, मूळचा येतो.

आणि कॅसेट देताना तिच्यावरचं जुनं लेबल खरवडू नका, फाटकं असलं तरी राहू द्या. नवी चिठ्ठी लावायची तर उलट्या बाजूला लावा. फ्लॅट नंबर त्या चिठ्ठीवर लिहा. मी पोच देतो, सही-शिक्क्यासह.